नोत्र-दामपुढची मोकळी जागा

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे नाव निघाले की समोरचा ऐसपैस फरसबंद चौक आणि त्यापलीकडचे 69 मीटर उंचीचे दोन बुरूज डोळ्यांपुढे येतात. हा चौक कॅथेड्रलइतकाच जुना असणार, असे आपण धरून चालतो. पण तो जुना नाही. बिशप मोरिस द सुली याने 1163च्या सुमारास बांधकाम सुरू केले, तेव्हा पुढे लहानसे अंगण होते आणि त्याभोवती घरे, दुकाने, छोटी चर्चे आणि ओतेल-द्यू हे धर्मार्थ रुग्णालय दाटीवाटीने उभे होते. कॅथेड्रलकडे येणारा नवा रस्ता सुलीनेच पाडला. आजचे पटांगण बहुतांशी 19व्या शतकातले, प्रीफेक्ट ओसमान याने शहराची फेरमांडणी केली तेव्हाचे. त्या पाडापाडीत इमारत मोकळी झाली, पण ती जशी पाहायची असे ठरवून घडवली होती तसे पाहणे हरवले, असे माझे मत आहे.

पुरावा पश्चिमेच्या दर्शनी भिंतीतच आहे. मधल्या दारावर अंतिम न्यायाचे शिल्प आहे. त्यात देवदूत मायकेल आत्म्यांचे वजन करतो आणि शेजारचा सैतान पारडे आपल्या बाजूला झुकवू पाहतो. ही लबाडी दाराशी उभे राहून मान वर केली तरच दिसते, पटांगणाच्या दुसऱ्या टोकावरून नाही. डाव्या दारावर त्रिकोणी शिखर आहे, उजव्या दारावर नाही. उत्तरेचा बुरूज दक्षिणेच्या बुरुजापेक्षा किंचित रुंद आहे. दुरून पाहिले की हे बारीक फरक पुसले जातात आणि सारे काटेकोर सारखे भासते. आपल्याकडे कळसाचे दर्शन दुरून घेतात, पण गाभाऱ्यासाठी उंबऱ्याशीच यावे लागते. इथेही बुरूज घरांच्या छपरांवरून दुरून दिसत आणि दारे एकदम पुढ्यात येत. व्हिएन्नाच्या वास्तुविशारद कामिलो सिट्टे याने 1889 साली रोममधली 255 चर्चे मोजली, तर त्यांतली चारी बाजूंनी सुटी अशी फक्त 6 निघाली. चर्च एकटे, सुटे उभे करण्याची हौस नवी आहे, हे त्याने तेव्हाच दाखवून दिले होते.

यावर आक्षेप येईल की जुन्या रुग्णालयात एका खाटेवर चार-चार रोगी पडत. ते पाडले ते बरेच झाले. मान्य. पण रुग्णालय हलवणे आणि त्याची जागा रिकामी सोडणे हे दोन वेगळे निर्णय होते. पहिल्याची गरज दुसऱ्याला लागू होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 2019च्या आगीनंतर डिसेंबर 2024मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले, आता लाखोंची गर्दी कुठे मावणार? गर्दीला जागा हवीच. पण उघड्या फरसबंदीवर उन्हात ताटकळणे म्हणजे सोय नव्हे. 2022 साली निवडलेल्या, भूदृश्यरचनाकार बास स्मेट्स यांच्या आराखड्यात पटांगणाच्या कडांना झाडे आहेत. मला तो पटतो, कारण पाडलेली घरे पुन्हा न बांधताही त्यात जागेला कड मिळते. जुन्या रस्त्याची आणि घरांची रेषा फरशीवर आजही आखलेली आहे. ती नव्या कामात राखलीच पाहिजे, कारण कॅथेड्रलकडे माणसे कशी येत, हे तिथे उभ्या असलेल्या पाहुण्याला ती रेषाच सांगू शकते.