दलाली केव्हा देय होते?

घर विकावयाचे ठरले, की मालकाच्या दाराशी पहिला येतो तो दलाल. तो गिऱ्हाइके आणतो, त्यांच्यासमवेत जिने चढतो-उतरतो, भाव जुळवितो. परंतु सौदा ऐनवेळी मोडला तर या श्रमांचे त्याला काही मिळावे काय? आणि मालकाने त्याला बाजूस सारून त्याच गिऱ्हाइकाशी परस्पर व्यवहार केला तर? दलालीचे कित्येक तंटे या दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात.

आपल्याकडील मूळ नियम १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्याचे २१९ वे कलम सांगते, की वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पुरे झाल्यावाचून प्रतिनिधीचा मोबदला देय होत नाही. नियम सोपा दिसतो. मेख आहे ती 'काम' या शब्दात. गिऱ्हाईक आणणे हे काम, की खरेदीखत होणे हे काम?

इंग्लंडमधील दोन कंपन्यांना आपली चित्रपटगृहे विकावयाची होती. विक्री पूर्ण झाल्यावर दलालाला १०,००० पौंड द्यावयाचे, असा बोल झाला. दलालाने १,८५,००० पौंड देऊ करणारे गिऱ्हाईक आणले. पण मालकांनी विक्रीच केली नाही. उमरावांच्या सभागृहाचा हा निर्णय १९४१ च्या निवाडासंग्रहात आहे. दलालाला काहीही मिळाले नाही. एवढ्या मोठ्या लाभाच्या आशेबरोबर तो बुडण्याचा धोकाही त्याने पत्करला होता, असे न्यायाधीशांचे मत पडले.

आता कलकत्त्याचे उदाहरण पाहावे. १९४३ साली तेथील एका मालकाने दलालाला एक महिन्याच्या मुदतीचे पत्र दिले. किंमत एक लाख रुपयांहून कमी नसावी आणि तसे गिऱ्हाईक मिळवून दिल्यास मोबदला मिळेल, असा त्यातील आशय होता. दलालाने मुदतीत तयार गिऱ्हाईक आणले. पुढे मालकाने त्याला दूर सारले, आणि मालमत्ता अखेर गेली ती त्याच खरेदीदारांकडे. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो दलालाच्या बाजूने. मालकाच्या वतीने विक्रीचा करार करण्याचा अधिकार त्याला नव्हता. परंतु गिऱ्हाईक मिळवून देण्याचे त्याचे काम मात्र पुरे झाले होते.

हे दोन निर्णय परस्परविरुद्ध नाहीत. एका ठिकाणी शब्द होता 'विक्री', दुसऱ्या ठिकाणी 'गिऱ्हाईक'. हक्काचा निकाल लागला तो या शब्दांवरून.

दलालाचे वर्तनही निर्दोष हवे. कामात गैरवर्तन करणाऱ्या प्रतिनिधीला त्या भागाचा मोबदला मागता येत नाही, असे करार कायद्याचे २२० वे कलम बजावते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिकांचे व्यवहार जुळविणाऱ्या दलालांना नोंदणी सक्तीची केली. तरीही जुन्या घराच्या विक्रीत पुष्कळदा सारा भरवसा तोंडी बोलण्यावरच असतो.

"ते मागाहून पाहू" हे आपल्याकडील सौजन्याचे वाक्य अशा वेळी फार महागात पडते. दलाली कोणत्या टप्प्यावर द्यावयाची, अधिकाराची मुदत किती, आणि मुदतीनंतर त्याच गिऱ्हाइकाला विक्री झाली तर काय, या तीन गोष्टी आरंभीच कागदावर उतरविल्या, तर मालकाची पुंजी सुरक्षित राहील आणि दलालाची पायपीटही वाया जाणार नाही.