बिदरचा वजीर आणि पत्रांची विद्या

परराष्ट्र व्यवहार शिकवणारी ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ दिल्लीत १९५५ साली निघाली. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. आपल्या बिदरला मात्र या विद्येची ओळख फार जुनी. बहमनी वजीर महमूद गावान मूळचा इराणच्या गिलानचा. त्याने १४७२ मध्ये इथे भव्य मदरसा उभारला. पत्रलेखनाच्या कलेवर त्याने ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा फारसी ग्रंथ रचला. ऑटोमन सुलतानाला लिहिलेली त्याची पत्रं ‘रियाझ-उल-इन्शा’त आजही वाचायला मिळतात. त्या काळी राज्याराज्यांतले संबंध अशा पत्रांवरच तर जुळत! १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेद झाला, हे फार वाईट घडलं. बिदरला गेलात, तर मदरशाचा उरलेला मिनार आणि त्यावरच्या रंगीत फरशा जरूर पाहा.