खर्जाला बळ देणारा ॲम्प्लिफायर

रॉक बँडमध्ये ताल आणि स्वर यांना एकत्र बांधून ठेवण्याचे काम बेस गिटार करते; परंतु ड्रम आणि दोन इलेक्ट्रिक गिटारी यांच्या गदारोळात तिचा खर्ज ऐकू यावा म्हणून जो ॲम्प्लिफायर, म्हणजे वाद्यातून येणारा क्षीण विद्युत्संकेत वाढवून स्पीकरकडे पाठवणारे यंत्र, घ्यावा लागतो, त्याची पारख नवे बँड बहुधा वॉटच्या आकड्यावरून करतात आणि अपुऱ्या पैशांतला मोठा वाटा तेथेच फुकट जातो.

वॉट हे विद्युत्शक्तीचे माप आहे, आवाजाचे नव्हे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि शक्ती दुप्पट केली तरी ती केवळ ३ डेसिबलने वाढते; आवाज दुप्पट झाल्याचा भास होण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजेच दहापट शक्ती लागते. त्यामुळे २०० वॉटऐवजी ३०० वॉटच्या यंत्रासाठी जादा पैसे मोजणाऱ्याच्या पदरात प्रत्यक्षात २ डेसिबलही पडत नाहीत.

खर्जाची अडचण मुळात मानवी कानाची आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून असे दिसले, की मंद्र स्वर मध्यम स्वरांइतके मोठे वाटण्यासाठी कितीतरी अधिक तीव्रतेचे असावे लागतात. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या ध्वनिलहरीची लांबी ८ मीटरहून अधिक भरते. एवढी लहर पुरेशा जोराने उठवायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि हवा हलवतो तो स्पीकरचा कोन, म्हणजे पुढेमागे सरकणारा कागदी पडदा.

या वाद्याचा इतिहासही हेच सांगतो. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी आलेल्या बासमन ॲम्प्लिफायरमध्ये १५ इंची एकच स्पीकर होता. बीटल्सनी ऑगस्ट १९६५ मध्ये न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार श्रोत्यांपुढे वाजवले, तेव्हा १०० वॉटचे व्हॉक्स ॲम्प्लिफायरही त्या किंकाळ्यांपुढे अपुरे पडले. १९६९ मध्ये ॲम्पेगने एसव्हीटी हा ३०० वॉटचा व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात नळ्यांवर, चालणारा ॲम्प्लिफायर आणला. त्याची ख्याती सहसा वॉटच्या नावावर जमा केली जाते, पण त्याच्यासोबतच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे स्पीकर बसवलेल्या लाकडी पेटीत, १० इंची आठ स्पीकर होते आणि त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ १५ इंची एका स्पीकरच्या सुमारे साडेतीनपट भरते, हे श्रेय देताना विसरले जाते.

म्हणूनच मर्यादित रकमेतला मोठा हिस्सा कॅबिनेटवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता नावाचा आकडा असतो. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे तो सांगतो. ९७ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो. त्याखालोखाल ओम, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप, पाहावा. ट्रान्झिस्टरवर चालणारे यंत्र आपली जाहीर शक्ती बहुधा ४ ओमला देते. ८ ओमची एकच पेटी जोडली तर ती शक्ती निम्म्याच्या आसपास उतरते. तशीच दुसरी पेटी समांतर जोडली, की एकूण अडथळा ४ ओम होतो, यंत्र पुरी शक्ती देते, कोनांचे क्षेत्रफळही दुप्पट होते आणि खर्जात जवळपास ६ डेसिबलची भर पडते. यंत्राला झेपणाऱ्या किमान ओमच्या खाली मात्र कधीही जाऊ नये; आणि व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर न जोडता चालू करणे म्हणजे त्याचा ट्रान्सफॉर्मर जाळण्याची जोखीम पत्करणे होय.

जुन्या बाजारात खरा फायदा वजनदार यंत्रांत आहे. क्लास डी पद्धतीच्या हलक्या ॲम्प्लिफायरांचा प्रसार झाल्यापासून लोखंडी ट्रान्सफॉर्मरची जुनी, ट्रान्झिस्टरवाली यंत्रे केवळ उचलायला जड म्हणून स्वस्तात निघतात. आवाजात ती कमी असतात असे नाही, आणि टेम्पोची सोय असलेल्या बँडने त्यांच्याकडे पाठ फिरवणे व्यर्थ आहे.

याउपर सर्वांत स्वस्त उपाय यंत्राच्या बटणांत आहे. घरी एकट्याने वाजवताना भरदार वाटतो म्हणून खर्ज वाढवून मध्यम पट्टी कापण्याची सवय लागते. बँडसोबत मात्र तोच आवाज नाहीसा होतो, कारण खर्ज ६ डेसिबलने वाढवला की त्या पट्ट्यात चौपट शक्ती खर्ची पडते, यंत्र क्षमतेबाहेर जाऊन आवाज फाटू लागतो आणि तारेचे जे वरचे उपस्वर कानाला मूळ स्वराची ओळख पटवतात, तेच दबून जातात. खर्ज थोडा उतरवून ४०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा वर आणला, तर त्याच यंत्रातून बेस स्पष्ट ऐकू येते. म्हणून दुकानात पारख करताना बेससोबत निदान एक गिटार आणि ड्रम वाजवणारा साथीदार न्यावा, आणि ते शक्य नसेल तर जाड तार मोठ्या आवाजात छेडून प्रत्येक स्पीकरजवळ कान न्यावा. फाटलेला कोन किंवा घासणारी कॉइल त्याच वेळी खरखरीतून कळते.