आधी हात, मग शब्द



महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पूस नदीकाठच्या आपल्या पुसदचं फुलसिंग नाईक महाविद्यालय ज्या अमरावती विद्यापीठाशी जोडलेलं आहे, त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडत. सेवा योजनेची रीतही हीच: आधी हात, मग शब्द.

स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास समाजाला द्यायचे असतात. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावकऱ्यांशी गप्पा. योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं; त्याचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर सांगतात. सेवेला वेळकाळ नसतो, हा त्याचा अर्थ.

विद्यार्थी मित्रांनो, शिबिराला जाल तेव्हा गावाला शिकवण्याआधी गावाकडून शिका. बांधावरची माती आणि चुलीवरची भाकरी पुस्तकात नसलेलं बरंच काही सांगतात.