निनवेचे चाळीस दिवस



पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडायचे ठरले की नदीपात्रातली वाहने हलवण्याची सूचना मिळते. भिडे पूल पाण्याखाली जाणार हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरी पाणी चाकांना लागेपर्यंत काही गाड्या तिथेच उभ्या असतात. मालकाने सूचना ऐकलेली असते. पण 'एवढ्यात काही येत नाही' असा त्याचा हिशेब असतो.

देवाच्या इशाऱ्यांच्या बाबतीत आपला हिशेब असाच असतो. ख्रिस्ती बांधवांच्या धर्मग्रंथात यावर एक सुंदर कथा आहे, योनाची. बायबलच्या जुन्या करारातले हे पुस्तक जेमतेम चार अध्यायांचे. आम्हा मुसलमानांच्या घरात याच योनाला हजरत युनूस म्हणतात. कुराणातल्या दहाव्या सूरहला त्यांचेच नाव आहे. त्यामुळे ही गोष्ट सांगताना मी परक्याच्या अंगणात उभा आहे असे मला वाटत नाही.

देवाने योनाला सांगितले, निनवे शहरात जा आणि तिथल्या दुष्टपणाबद्दल लोकांना सावध कर. आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ तैग्रिस नदीकाठी या शहराचे अवशेष आहेत. योना उठला खरा, पण उलट्या दिशेला निघाला. बंदरावर गेला, भाडे भरले आणि तार्शीशच्या जहाजात बसला. वादळ, समुद्र, माशाच्या पोटातले तीन दिवस, एवढे सगळे झाल्यावर तो निनवेला पोचला. चाळीस दिवसांत शहर उलथणार, असे त्याने तिथे पुकारले.

आणि निनवेच्या लोकांनी काय केले? चाळीस दिवस म्हणजे सवा महिना हातात होता. एकोणचाळीस दिवस आरामात काढता आले असते. पण त्यांनी लगेच उपास धरला. राजा सिंहासनावरून उतरला, गोणपाट नेसला आणि राखेत बसला. प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा, असा त्याने हुकूम काढला. शहर वाचले.

गंमत पाहा. देवाला ओळखणारा, त्याचा आवाज कळणारा योना पळाला. आणि ज्यांना परके, अधर्मी म्हटले त्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली. देवाधर्मात वाढलेल्या माणसाला इशाऱ्यांची सवय होऊन जाते, हा या कथेतला बोचरा भाग आहे. चर्चचा घंटानाद असो की मशिदीतली अजान, रोज ऐकणाऱ्याचाच कान आधी बोथट होतो.

आपण मराठीत पश्चात्ताप म्हणतो. त्यात 'ताप' आहे, मागाहून होणारी जळजळ आहे. हिब्रूत यासाठी जो शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ 'मागे वळणे'. अरबीतल्या 'तौबा'चा अर्थही परतणे असाच. म्हणजे डोळ्यांत पाणी आले एवढ्याने तौबा होत नाही. पावलांनी दिशा बदलावी लागते.

अशी पावले याच पुण्यातून उठली होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्याला आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या इथे येऊ लागल्या. रमाबाईंजवळ पैसा बेताचा होता. सदनातल्या मुलींची जबाबदारी डोक्यावर होती. घरी बसायला कारणे पुरेशी होती. पण १८७४ च्या सुमारास अशाच दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले होते. भूक काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. ते दिवस देवानेच आपल्याला पुन्हा आठवायला लावले, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांची संख्या ३०० च्या आसपास गेली.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. शहरात आणखी माणसे ठेवायला सरकारी मनाई झाली. मग दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन कामी आली. नीट घरे बांधून होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तंबू आणि झोपड्यांतच संसार मांडला गेला. तेच मुक्ती मिशन. १९०० पर्यंत तिथे दीड हजारांच्या घरात माणसे राहत होती. रमाबाईंच्या धर्मांतरावरून आणि शारदा सदनावरून पुण्यात मोठे वाद झाले, ते इतिहासात नोंदले आहेत. तो वाद ज्याने त्याने आपल्या परीने तोलावा. पण सगळी व्यवस्था होईपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर त्यांतल्या किती मुली जिवंत राहिल्या असत्या?

रमाबाईंना आलेला इशारा दुसऱ्याच्या भुकेच्या बातमीतून आला. बहुतेक वेळा तो असाच येतो. आभाळ फाटत नाही, वीज बोलत नाही. शेजारचे दार दोन दिवस उघडलेले नसते. मुलगा हल्ली जेवताना मान वर करत नाही. भावाशी बोलणे तुटून चार वर्षे झालेली असतात आणि कुणीतरी सांगते, त्याची तब्येत बरी नाही. हे आपल्याला कळते. कळल्यानंतरच आपण तार्शीशचे तिकीट काढतो. आधी महिनाअखेर, मग दिवाळी, मग मुलांच्या परीक्षा.

योनाच्या पुस्तकाचा शेवट मला फार आवडतो. निनवे वाचले म्हणून योना रागावून बसतो. तेव्हा देव त्याला विचारतो की उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसे, शिवाय कितीतरी गुरेढोरे या शहरात आहेत, त्यांची मी कीव करू नये का? योनाने काय उत्तर दिले ते पुस्तकात नाही. पण या प्रश्नावरून एक गोष्ट उमगते. इशारा देणाऱ्याला शहर बुडवायचे नव्हते, वाचवायचे होते. ज्याला शिक्षाच करायची आहे तो आधी सांगायला माणूस कशाला पाठवील?

म्हणून इशारा कानावर आला तर घाबरू नये. अजून वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो वेळ मात्र वाट पाहण्यासाठी दिलेला नसतो. आज रविवार आहे. ज्या दारी जायचे राहून गेले आहे, तिथे संध्याकाळपर्यंत जाऊन येता येईल.