बातमीची जागा विकाऊ नाही

(सावली येथे ग्रामीण पत्रकारांच्या संमेलनात केलेले अध्यक्षीय भाषण)



सावलीत बोलताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण या गावाला सार्वजनिक जीवनाची मोठी परंपरा आहे. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे भरले आणि गांधीजी स्वतः त्यासाठी आले. १९६२ मध्ये सावली मतदारसंघाने मारोतराव कन्नमवारांना विधानसभेत पाठवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि कन्नमवार राज्याचे मुख्यमंत्री झाले. पदावर असतानाच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. तरुणपणी हा माणूस चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, वर्तमानपत्रे विकत असे.

म्हणून आज इथे एक प्रश्न मांडतो. पेपर विकून पोट भरणारा, पण लोकांमध्ये वर्षानुवर्षे काम केलेला एखादा तरुण उद्या आपल्या तालुक्यातून अर्ज भरेल, तेव्हा आपल्या पानावर त्याला जागा मिळेल का? निवडणुकीच्या काळात आपण उमेदवारांशी न्यायाने वागतो का?

माझे उत्तर आहे, नाही. पण हा अन्याय नेमका कुठे होतो, याबद्दल बराच गैरसमज आहे. उमेदवारांची तक्रार असते की पेपरवाले टीका करतात, जुनी प्रकरणे उकरून काढतात. मला ती तक्रार मान्य नाही. मत मागायला आलेल्या माणसाला अवघड प्रश्न विचारणे हे आपले कामच आहे. पुराव्यासह टीका केली आणि त्याची बाजूही छापली, तर त्यात अन्याय कसला? खरा अन्याय होतो तो न छापण्यातून. ज्याने पैसे दिले त्याची कोपरासभाही ‘विराट’ होते आणि ज्याने दिले नाहीत तो उमेदवार वाचकाच्या लेखी उभाच नसतो.

हे पॅकेज प्रकरण आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. अर्ज भरण्याची बातमी, प्रचारफेरी, मुलाखत, शेवटच्या टप्प्यातली पुरवणी, सगळ्याचा मिळून एक दर. कुठे कुठे तर विरोधात न छापण्याचाही दर असतो. या व्यवहाराचा सर्वांत गाजलेला दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळातले अंक गोळा करून शेजारी शेजारी ठेवले. त्यांना काय दिसले? तीन वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत मुख्यमंत्र्यांच्या कर्तृत्वाचा एकच लेख शब्दशः आलेला. पानेच्या पाने गौरवाने भरलेली आणि ‘जाहिरात’ हा शब्द कुठेही नाही. उमेदवाराने दिलेल्या हिशेबात मात्र वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. त्या वेळी विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा १० लाखांची होती.

न्यायाबद्दल बोलताना पुढचेही सांगितले पाहिजे. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी तक्रार केली. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. जुलैमध्ये आयोगाने चव्हाणांच्या हिशेबावर ठपका ठेवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. उमेदवाराच्या बाबतीत प्रकरण तिथे संपले. पण आपल्या धंद्यासमोरचा प्रश्न संपला नाही. तीन संपादकांच्या टेबलांवर एकच मजकूर पोहोचला कसा आणि तो बातमी म्हणून छापला कसा गेला, याचा जाब पत्रकारांनी स्वतःला विचारायचा होता. तो आपण विचारला नाही.

प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीकडून २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर अहवाल करून घेतला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने ती गाळून छोटा अहवाल काढला आणि मूळ अहवाल उघड व्हायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. रोज दुसऱ्यांकडे पारदर्शकता मागणारी आपली जमात स्वतःवर वेळ आली तेव्हा गप्प बसली, याची मला लाज वाटते.

कायद्याचा हात कुठवर पोहोचतो तेही पाहू. निवडणुकीत जिल्ह्या-जिल्ह्यांत माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती बसते. संशयास्पद बातमी दिसली की उमेदवाराला नोटीस जाते आणि समितीची खात्री पटली तर त्या मजकुराचा खर्च जाहिरातीच्या दराने त्याच्या हिशेबात धरला जातो. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना असाच खर्च दडवल्यामुळे निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. पण छापणाऱ्याचे काय? त्याचे प्रकरण प्रेस कौन्सिलकडे जाते आणि कौन्सिल फार तर ताशेरे ओढू शकते. टीव्ही वाहिन्या आणि हातात बूम घेऊन फिरणारी यूट्यूब चॅनेले तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. पैसे घेऊन बातमी छापणे हा निवडणूक गुन्हा ठरवावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये केली. तसा कायदा अजून झालेला नाही. तो झाला पाहिजे, ही मागणी या संमेलनाने ठरावाद्वारे करावी.

आता आपल्या घरातले बोलू. तालुका प्रतिनिधीला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. त्याचे घर चालते जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंक, नेत्यांचे वाढदिवस आणि निवडणूक हे त्याचे हंगाम. मुख्यालयातून टार्गेट येते. सकाळी ज्या उमेदवाराकडे तो जाहिरात मागायला जातो, संध्याकाळी त्याच्याच सभेची बातमी त्याला लिहायची असते. या माणसाला एकट्याला दोषी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात बजावले होते की भारतातील पत्रकारिता पूर्वी व्यवसाय होती, आता ती व्यापार झाली आहे. हा व्यापार वरून खाली आला आहे, हे मालकांनी आणि संपादकांनी ऐकून घेतले पाहिजे.

या व्यापारात उमेदवारापेक्षा जास्त नुकसान मतदाराचे होते. आपली सावली आज ब्रह्मपुरी विधानसभा आणि गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात आहे. लोकसभेचा हा मतदारसंघ गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून तेलंगणाच्या सीमेपर्यंत पसरलेला आहे. दहा गाड्या असलेला उमेदवारही प्रत्येक गावात पोहोचू शकत नाही, मग एकटा अपक्ष काय पोहोचणार? दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने न्यावी लागतात आणि माणसे जंगलातून कोस-कोस चालत मताला येतात. इतक्या कष्टाने येणाऱ्या माणसाला यंत्रावरची सगळी नावे माहीत असायला नकोत का? कालव्याचे पाणी मुखाजवळच्या बांध्यांना भरभरून मिळावे आणि टेलवरची रोवणी कोरडी जावी, तशी आपल्या पानावरची जागा वाटली जाते.

आणि विकत घेतलेल्या बातम्यांच्या या गर्दीत प्रश्न हरवतात. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. असोलामेंढ्याचा तलाव त्याच प्रकल्पाला जोडला गेला. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी कधी येणार, हे किती उमेदवारांना आपण प्रचारात विचारले? मोहफुले वेचायला, सरपणाला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते, ती बातमी आपण पहिल्या पानावर लावतो. पण प्रचार सुरू झाला की वाघाचा विषय पुरवणीतूनही गायब होतो. धानाच्या खरेदी केंद्रावर पडून राहणारे पोते, मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबे, वनहक्काचे रखडलेले दावे, यांचे उत्तर द्यायला उमेदवाराला भाग पाडणे हाच त्याला दिलेला खरा न्याय. कारण चांगल्या उमेदवाराला प्रश्नाची भीती नसते. त्याला उलट संधी हवी असते.

मग करायचे काय? मी चार गोष्टी सुचवतो, सगळ्या आपल्या हातातल्या. पहिली, अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की मैदानातल्या प्रत्येक उमेदवाराची माहिती, शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, त्याच्याच शपथपत्रातून घेऊन एका तक्त्यात छापायची, कुणालाही न वगळता. दुसरी, तालुक्याचे पाच प्रश्न ठरवायचे, सर्वांना तेच विचारायचे आणि उत्तरांना सारखी जागा द्यायची. ज्याने उत्तर दिले नाही, त्याच्या नावापुढे तसे लिहायचे. तिसरी, पैसे घेतलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या टाइपात टाकायचा. चौथी, निवडणुकीच्या काळात बातमी लिहिणाऱ्याने जाहिरात गोळा करायची नाही आणि त्याचे बुडणारे कमिशन मालकाने मानधनातून भरून द्यायचे. शेवटची अट मान्य होणे सर्वांत कठीण आहे, हे मला कळते. म्हणूनच ती एकट्यादुकट्याने न मागता चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या बातमीदारांनी एकत्र मागावी.

बातमी लिहितानाही थोडा संयम हवा. अर्ज छाननीच्या दिवशीच ‘थेट दुरंगी लढत’ असे शीर्षक देऊन आपण बाकीच्यांना निकालाआधीच पाडतो. अपक्षाला ‘मते खाणारा’ म्हणतो, जणू मते कुणाच्या मालकीची होती. महिला उमेदवाराची ओळख अमक्याची पत्नी, तमक्याची सून इथेच थांबवतो, तिने गावात काय काम केले ते विचारत नाही. या सवयींना पैसे लागत नाहीत, म्हणून त्या सोडायलाही पैसे लागणार नाहीत.

मित्रांनो, वैनगंगेपलीकडे धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. तिथली ग्रामसभा अभ्यास गटात विषय समजून घेते, चर्चा करते आणि मग सर्वसहमतीने ठरवते. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गणले जाते, यामागे ती समज आहे. आपल्या जंगलातला माणूस माहिती मिळाली की नीट निर्णय घेतो, याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा? त्याला माहिती देणे एवढेच आपले काम आहे. ते विकायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. पुढच्या निवडणुकीत ही चार पथ्ये पाळण्याचा ठराव आज सावलीत करा आणि आपापल्या पेपरात तो छापा, म्हणजे वाचक आपला हिशेब मागू शकेल.