मका पेरावा कधी, पेरावा कसा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कम्युनिटी हॉलमध्ये जूनच्या पहिल्या रविवारी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिलाय स्वीट कॉर्नचा. माझी सगळी नोकरी शेतीखात्यात गेली, त्यामुळे कमिटीला वाटलं असावं की हा माणूस दुसरं काय बोलणार! पण विषयाला कारण आहे. बी-विंगच्या मागची जागा गेली पंचवीस वर्षं बिल्डरनं टाकलेल्या डेब्रिजखाली होती. ती यंदा साफ झाली. वार्षिक सभेत त्यावर काय घमासान झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच. काहींना तिथं पेव्हर ब्लॉक टाकून टू-व्हीलरचं पार्किंग हवं आहे, काहींना बाग हवी आहे. शेवटी ठरलं असं, की एक पावसाळा पीक घेऊन बघायचं. जमलं तर जागा बागेला, नाही जमलं तर पेव्हर ब्लॉक. म्हणजे परीक्षा एकदाच आहे, फेरपरीक्षा नाही. पोरांनी मत देऊन पीक निवडलं मका. तेव्हा तो नीट यावा, एवढ्यासाठी हे बोलणं.

आधी एक शंका दूर करतो. बऱ्याच ताई म्हणाल्या, "काका, आम्ही बाल्कनीत कुंडीत लावला होता, झाड छान वाढलं, पण कणीस अर्धं बोडकं निघालं." यात खताचा दोष नाही, पाण्याचाही नाही. मका एकट्यादुकट्यानं होतच नाही. शेंड्यावर तुरा येतो तो नर, आणि मधल्या पानाच्या बगलेत कणीस येतं ते मादी. कणसाच्या टोकाला जे रेशमी केस दिसतात, त्यातला एकेक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो. एका कणसात असे चारशे ते सहाशे केस. प्रत्येक केसावर पराग पडला तरच तो दाणा भरणार. हा पराग मधमाशी आणत नाही, वारा आणतो. दोन झाडांच्या कुंडीत वारा पराग उडवून नेतो तो शेजारच्या बिल्डिंगवर! म्हणून मका एका लांब ओळीत लावायचा नाही, चौकात लावायचा. कमीत कमी चार ओळी, शेजारी शेजारी, आणि सगळं बी एकाच दिवशी. वारा कुठूनही आला तरी पराग आपल्याच झाडांवर पडला पाहिजे.

आता कधी पेरायचा? महाराष्ट्रात पाण्याची सोय असेल तर मका तिन्ही हंगामांत घेतात. पण आपल्याला आपल्या जागेपुरतं बघायचं आहे. आपली पट्टी बिल्डिंगच्या उत्तरेला आहे, पंचवीस फूट रुंद, आणि बिल्डिंग चाळीस फूट उंच. मक्याला दिवसाला सहा-आठ तास ऊन लागतं. जून-जुलैत पुण्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित उत्तरेलाच कललेला. त्यामुळे पट्टीत सावली पडत नाही. नवरात्राच्या सुमारास, सप्टेंबरअखेर, बिल्डिंगची सावली दुपारीही तेरा-चौदा फूट येते. ऑक्टोबर संपताना ती तेवीस-चोवीस फुटांवर जाते आणि डिसेंबरात पट्टी ओलांडून कंपाउंडच्या पलीकडे. म्हणजे मोकळ्या शेतात ऑक्टोबरात पेरलेला मका येईल, आपल्याकडे येणार नाही. आपल्याला हंगाम एकच, पावसाळी. आणि वाफा बिल्डिंगला चिकटून नको, कंपाउंडच्या भिंतीकडे हवा.

स्वीट कॉर्न पावसाळ्यात साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी दिवसांत तयार होतो. सप्टेंबर संपायच्या आत कणसं हातात हवीत, तर पेरणी 10 जुलैच्या पुढे जाता कामा नये. आणि फार घाईही नको. मृगाच्या पहिल्या सरीला हुरळून पेरलं आणि पुढे आठ-दहा दिवस पावसानं ओढ दिली, की कोंब वाळतो. नळाचं पाणी आहे म्हणा, पण जूनमध्ये टँकरचं बिल कोण भरतं हे खजिनदारांना विचारा. शेतकरी काय करतो, तीन-चार इंच पाऊस पडून जमीन खोलवर ओली झाली की मगच पेरतो. आपणही तेच करू. गच्चीवर सरळ काठाचा एक डबा ठेवायचा, रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजून लिहून ठेवायचं आणि डबा रिकामा करायचा. बेरीज शंभर मिलीमीटरच्या आसपास आली आणि पावसानं एखादा दिवस उघडीप दिली, की तो आपला दिवस. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचं तर आर्द्रा लागल्यावर, आणि पुनर्वसू लागून चार दिवस होण्याच्या आत.

आता कसा पेरायचा. वाफा आठ फूट बाय वीस फूट. डेब्रिज काढलं तरी खाली मुरूम आणि विटांचे तुकडे आहेत, आणि मक्याच्या मुळांना निदान फूटभर चांगली माती लागते. एकशेसाठ घनफूट, म्हणजे दीड-पावणेदोन ब्रास माती आणावी लागेल. त्यात आपल्या ओल्या कचऱ्याच्या टाकीतलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट खत पाच-सहा घमेली मिसळायचं. अर्धवट कुजलेलं नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी साचू द्यायचं नाही. मक्याला पाणी लागतं, पण पायात साचलेलं चालत नाही. दोन दिवस मुळं पाण्यात राहिली की पानं पिवळी पडतात. म्हणून सपाट वाफ्यात न पेरता वरंबे करायचे, दोन-दोन फुटांवर चार. सरीतलं पाणी चेंबरकडे निघून जाईल असा उतार ठेवायचा. वरंब्यावर आठ-आठ इंचांवर जागा, आणि प्रत्येक जागी दोन दाणे, तर्जनीचं एक पेर जाईल इतकेच खोल. एका ओळीत तीस जागा, चार ओळींत एकशेवीस. बी पन्नास ग्रॅम पुरतं.

बियाणं सीलबंद पाकिटातलं घ्या, त्यावरची तारीख बघून. स्वीट कॉर्नचा दाणा वाळल्यावर सुरकुततो, ते किडकं बी नव्हे. त्यात साखर जास्त आणि पिष्ट कमी, म्हणून तो आक्रसतो. पण त्यामुळेच त्याच्या कोंबाला ताकद कमी असते. साध्या मक्यासारखं ते खोलवरून वर येऊ शकत नाही आणि चिखलात लवकर कुजतं. पाकिटातल्या बियांना बहुतेक वेळा गुलाबी रंगाचं बुरशीनाशक चोळलेलं असतं. बी भिजत घालू नका, आणि पेरल्यावर पोरांचे हात साबणानं धुवा. उरलेलं बी तोंडात टाकायचं नाही, हे लहानग्यांना बजावून सांगा.

आणखी एक नाजूक मुद्दा. आपल्यातल्या दोघा-तिघांनी गावाकडचा देशी मका आणायचं प्रेमानं कबूल केलंय. देशी मका उत्तमच, त्याची भाकरी मी आवडीनं खातो. पण तो याच वाफ्यात, याच वेळी नको. देशी मक्याचा पराग स्वीट कॉर्नच्या केसावर पडला, की तो दाणा त्याच कणसात पिठूळ होतो, गोड राहत नाही. पॉपकॉर्नच्या मक्याचंही तसंच. तेव्हा यंदा सगळ्यांचं एकच वाण. जागा टिकली तर पुढच्या वर्षी देशी.

पेरल्या दिवशीच वाफ्यावर जाळी टाका, नाहीतर कबुतरं बी उकरतील. पाच ते सात दिवसांत कोंब दिसतील. दहा-बारा दिवसांनी प्रत्येक जागी जोमदार रोप एक ठेवायचं, दुसरं कात्रीनं जमिनीलगत कापायचं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. पहिला महिना तण दिसलं की काढा. झाड गुडघ्याएवढं झालं की बुंध्याला मातीची भर द्या, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यापावसात ते कोलमडणार नाही. मका खादाड आहे. युरिया द्यायचाच असेल तर पूर्ण वाफ्याला एका वेळी सव्वाशे ग्रॅम, तीनदा: पेरताना, महिन्याने आणि तुरा येण्याच्या सुमारास.

रोप दहा-बारा दिवसांचं झालं की रोज पोंग्यात डोकावायचं. 2018 साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडे सगळीकडे आहे. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो आणि शेपटीजवळ चौकोनात चार ठिपके. पानाला ओळीनं भोकं आणि पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की समजावं. एकशेवीस झाडांना विषारी फवारणीची गरज नाही. पानांवरचे अंड्यांचे पुंजके चिरडा, अळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका, आणि पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा मारा. पण रोज बघायला हवं. चार दिवस कोणी फिरकलं नाही तर अळी वाट बघत नाही.

साधारण पन्नास दिवसांनी तुरे येतील. आपली पट्टी भिंत आणि बिल्डिंग यांच्यामध्ये आहे, तिथं वारा कमी. म्हणून चार-पाच दिवस, पानं कोरडी असताना, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तुरे हलक्या हातानं हलवायचे. पिवळी पूड खाली केसांवर पडताना दिसेल. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलांना जमणार नाही, त्या वेळेला घरी असतात ते आपण, ज्येष्ठ नागरिक. कट्ट्यावरची मंडळी, ऐकताय ना?

केस दिसल्यापासून वीस दिवसांच्या आसपास ते तपकिरी होऊन वाळतात. मग कणसाचं टोक थोडं सोलून दाण्याला नख लावा. दुधासारखा रस आला तर तोडायचं. पाण्यासारखा आला तर दोन-तीन दिवस थांबा. पिठासारखा घट्ट आला तर उशीर झाला. तोडल्यापासून त्यातली साखर कमी होऊ लागते, म्हणून सकाळी तोडा आणि त्याच दिवशी खा. घरी कुकर चढवायला सांगूनच खाली उतरलात तर उत्तम. एका झाडाला चांगलं कणीस एकच धरायचं. काही रोपं मरतील, काही खारी खातील, तरी शंभर कणसं यायला हरकत नाही. घरं अठ्ठेचाळीस. प्रत्येक घराला दोन.

बाजारात दोन कणसं विकत घेतली तर फार पैसे पडत नाहीत, हे मलाही कळतं. पार्किंग मागणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. पावसात गाडी रस्त्यावर लावणाऱ्याचे हाल मी बघतो. पण जागेचा निर्णय व्हायचाच असेल तर तो पीक नीट करून बघितल्यावर व्हावा. आपल्या हलगर्जीपणानं ते बुडालं म्हणून होऊ नये. पार्किंग हवं असलेले दोघंजण माती पसरायला येतो म्हणाले आहेत, त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

बाहेर फळ्यावर चार रकाने आखले आहेत: डबा मोजणं, तण आणि अळी, तुरे हलवणं, तोडणी आणि वाटप. प्रत्येक रकान्यात निदान सहा नावं हवीत. चहा घेण्याआधी नाव लिहा, चहा घेतल्यावर माणूस विसरतो!